महाराष्ट्राच्या अधिनियमाचा आजचा पाठ कसा शोधावा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची असली, तरी ती 15 ऑगस्ट 1967 रोजी अंमलात आली आणि तेव्हापासून तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. या सुधारणा करताना विधानमंडळ संपूर्ण संहिता नव्याने मंजूर करत नाही; अमुक कलमातील अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करावेत, एवढेच सांगणारा सुधारणा अधिनियम ते संमत करते. तो मूळ मजकुरात बसवून सलग वाचता येईल अशी संकलित प्रत नंतर तयार होते. संकलित प्रत ही वाचणाऱ्याची मोठी सोय आहे, पण शंका आली की आधार राजपत्राचाच घ्यावा.

सुरुवात विधि व न्याय विभागाच्या प्रतीपासून करावी आणि ती कोणत्या दिनांकापर्यंत सुधारलेली आहे, हे सर्वांत आधी पाहावे. हा दिनांकच नसेल, तर त्या प्रतीवर विसंबून अर्ज किंवा अपील करू नये.

त्यानंतर तळटीपा वाचाव्यात. बहुतेक जण त्या ओलांडून जातात, पण कायद्याचा सारा इतिहास तिथेच असतो. हा मजकूर सन अमुकच्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक तमुकच्या कलम इतके अन्वये मूळ मजकुराऐवजी दाखल करण्यात आला, अशी नोंद मिळाली की वर्ष आणि क्रमांक यांवरून थेट त्या सुधारणेपर्यंत पोहोचता येते. जमीन महसूल संहितेत कलम 42 नंतर 42-अ, 42-ब, 42-क आणि 42-ड ही कलमे घालण्यात आली. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमिनीच्या अकृषिक वापराचा विषय 42-ड मध्ये घेण्यात आला. जुन्या छापील पुस्तकात तो सापडणारच नाही. नवी कलमे अशी अक्षरे जोडून घातल्यामुळे पुढच्या कलमांचे क्रमांक बदलत नाहीत आणि जुन्या निवाड्यांतील संदर्भ आजही जुळतात.

प्रतीवरील दिनांकानंतरची असाधारण राजपत्रे, म्हणजे राजपत्राचे नेहमीच्या अंकांखेरीज निघणारे अंक, मात्र स्वतःच चाळावी लागतात. त्यात अध्यादेश, म्हणजे विधानमंडळाची बैठक चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा, आढळल्यास विशेष जपावे, कारण संविधानाच्या अनुच्छेद 213 नुसार विधानमंडळाची बैठक पुन्हा भरल्यापासून सहा आठवडे संपताच तो निष्प्रभ होतो. त्याआधी त्याची जागा घेणारा अधिनियम झाला की नाही, हे तपासावे. अधिनियम राजपत्रात आला म्हणजे तो लगेच लागू झाला, असेही समजू नये. शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास तो अंमलात येईल, असे कलम 1 मध्ये म्हटले असेल, तर ती अधिसूचनाही शोधावी लागते.

शोधताना नावामुळेही अडचण येते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 आता महाराष्ट्र या नावाने सुरू होतो, कारण 2012 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 24 ने अशा अनेक जुन्या अधिनियमांची संक्षिप्त नावे बदलली. म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

मराठी आणि इंग्रजी पाठ शेजारी ठेवून वाचणे हिताचे ठरते. विधेयक मराठीत संमत झाले असले, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर अनुच्छेद 348(3) नुसार त्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानले जाते, आणि उच्च न्यायालयात युक्तिवाद बहुधा त्याच शब्दांवर होतो.

प्रकरण जुने असेल, तर आजचा पाठ पुरेसा नसतो. फेरफार, खरेदीखत किंवा आदेश ज्या दिवशीचा असेल, त्या दिवशी कलमाचे शब्द काय होते, हे तळटीपांवरून मागे जात ठरवावे आणि नंतरची सुधारणा पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागील दिनांकापासून, लागू केली आहे का, हे त्या सुधारणा अधिनियमाच्या कलम 1 मध्ये पाहावे.