मांजराला पिसवांचे औषध लावताना आणि त्यानंतर होणाऱ्या या चुका टाळा

मांजराच्या अंगावर पिसवा दिसल्या की पुष्कळ घरांत कुत्र्यासाठी आणलेल्या औषधाची उरलेली नळी शोधली जाते, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याचे यकृत ते मोडून बाहेर टाकते; मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही आणि त्याचा परिणाम थेट मज्जासंस्थेवर होतो. ‘थोडेसेच टाकले होते’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता वाद न घालता हिशेबच मांडते. औषधात 50 टक्के परमेथ्रिन असेल, तर एका मिलिलिटरमध्ये सुमारे 500 मिलिग्रॅम झाले; चार किलोच्या मांजराला ते किलोमागे 125 मिलिग्रॅम पडते, आणि किलोमागे 100 मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकते. मध्यम आकाराच्या कुत्र्याची अर्धी नळी म्हणजे त्याहून अधिकच.

जुळे सोलापुरातील एका ओळखीच्या घरी ऐन मे महिन्यात हेच घडले. मुलाने रात्री बोक्याला अर्धी नळी लावली. सकाळी बोक्याचे कान सारखे फडफडत होते, पाठीची कातडी थरथरत होती आणि पाण्यात पाय पडल्यासारखा तो पंजे झटकत होता. घरच्यांना वाटले की ऊन लागले, म्हणून त्याला कूलरसमोर ठेवून ताक पाजण्याचा प्रयत्न झाला. दुपारी झटके सुरू झाल्यावर वहिनींचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा ते त्याला नळाखाली धरण्याच्या बेतात होते, आणि गच्चीवरच्या टाकीतून येणारे ते पाणी हाताला चटका देत होते. गरम पाण्याने कातडीचा रक्तपुरवठा वाढून औषध अधिक शोषले जाते; गार पाण्याने शरीराचे तापमान उतरून थरथर वाढते. घरात साठवलेले पाणी कोमट करून, भांड्यांच्या पातळ साबणाने मान व पाठ धुतली, टॉवेलात गुंडाळले आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधातील घटकांचा, आणि खोके तर सकाळीच घंटागाडीत गेले होते! स्नायू सैल करणारी इंजेक्शने आणि सलाईन यांवर बोका वाचला, पण त्याची थरथर थांबायला दोन दिवस लागले.

म्हणून माझी सवय अशी आहे: नळी उघडण्यापूर्वी खोक्याच्या सर्व बाजूंचा फोटो काढायचा, एका कागदावर तारीख, वेळ आणि मांजराचे वजन लिहायचे, आणि खोके महिनाभर जपायचे. वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर करावे.

झटके येत असताना तोंडात दूध, तूप किंवा ताक ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते आणि विषावर त्याचा काही उपयोगही नसतो. याउलट, मांजरासाठीचेच फिप्रोनिल हे पिसवांचे औषध चाटल्यावर येणारा फेस बहुधा कडवट चवीमुळे असतो आणि थोड्या वेळात थांबतो. तोंड ओल्या फडक्याने पुसून लक्ष ठेवावे. थरथर, तोल जाणे किंवा सुस्ती दिसली, तर मात्र तातडीने निघावे.

गोठ्यातील गोचिडांसाठीचे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन आणि कुत्र्यांना धुण्याचे अमिट्राझ मांजराला कधीही लावू नये. फिनाईल, रॉकेल आणि कापूर घातलेले तेलही नको.

पूर्वी कधी फिट आली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. फ्लुरालेनर, सॅरोलेनर या गटातील पिसवांच्या औषधांनी काही जनावरांत थरथर आणि झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला आहे.

अगदी लहान पिल्लाला औषधाऐवजी उवांच्या बारीक फणीने विंचरावे आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवावी. यात वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा.

उतावळेपणाचा मला सर्वाधिक राग येतो तो दुसऱ्या डोसच्या वेळी. चार दिवसांनी पुन्हा पिसू दिसली की ‘औषध नकली निघाले’ म्हणून लोक आणखी एक नळी लावतात. वास्तविक त्या पिसवा चादरीत, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत दडलेल्या कोषांतून नव्याने बाहेर पडत असतात, आणि हे काही आठवडे चालते. मांजर झोपते ती चादर दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावी, फटी झाडाव्यात, आणि पुढचा डोस खोक्यावरील मुदत संपल्यावरच द्यावा. आधीच्या डोसनंतर काही त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही देऊ नये.