घर बघताय? रस्ता कुठून ओलांडणार ते आधी सांगा

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याची ठाण्याला बदली झाली आहे आणि गेले आठ दिवस ती मला रोज फ्लॅटचे फोटो पाठवते. मॉड्युलर किचन, पडदे, बाल्कनीतून दिसणारा येऊरचा डोंगर. मी प्रत्येक फोटोखाली एकच लिहिते, रस्ता कुठून ओलांडायचा? तिला वाटतं माझं डोकं फिरलंय. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढते. ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा आहे पण कोथिंबिरीसाठी ती काढायची नाही, त्यांच्यासाठी.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचा वैताग कळेल. तीन वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून ठाण्याला आलो. सांगलीत घर गणपती पेठेच्या मागे, चपला सरकवल्या की बाजारात. त्यामुळे इथे घर शोधताना माझी एकच अट होती, रोजचं सगळं पायी हवं. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे अकराव्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघताना एजंटने आम्हाला बाल्कनीत नेलं आणि बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, भाजी मार्केट समोरच." खरंच समोर होतं. वरून टोमॅटोचे ढीग दिसत होते, भाजीवालीची निळी ताडपत्री दिसत होती. मी तिथल्या तिथे टोकन दिलं.

राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन खाली उतरली. तासाभराने परत आली, पिशवी रिकामी. "अगं, उभं राहून राहून पाय भरून आले. त्या ट्रकांना काही खंडच नाही." मी खाली जाऊन बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आधी सेवा रस्ता, मग मुख्य रस्ता, मधोमध मेट्रोच्या कामाचे पत्रे, मग पुन्हा तेच उलट्या क्रमाने. पलीकडे जायची रीतसर जागा पाऊण किलोमीटर पुढे, सिग्नलला. तिथवर जा, ओलांडा, पलीकडून तेवढंच मागे या. टोमॅटो दिसत होते शंभरेक मीटरवर. आणून घरी परतायचं तर तीन किलोमीटर. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट होतं, अकरा महिने मी भाजीला रिक्षाने गेले. भाजी साठ रुपयांची आणि जाण्यायेण्याचे पैसे त्याहून जास्त. बाल्कनीत कपडे वाळत घालताना ती निळी ताडपत्री रोज दिसायची.

आता तयारी. घर बघायला निघण्याआधी घरीच बसून एक कागद घ्या आणि त्यावर रोज लागणाऱ्या जागा लिहा. दूध, भाजी, किराणा, औषधाचं दुकान, रिक्षा किंवा बसचा थांबा. एवढंच. मुलांची शाळा तुम्ही विसरणार नाही, ते मी सांगत बसत नाही. मॉल लिहू नका, महिन्यातून एकदा जाता तिथे. आईवडील सोबत असतील तर बसायला बाक असलेली एखादी जागा लिहा, बाग, तळं, देऊळ, काहीही. या जागा घरापासून सात-आठ मिनिटांत आल्या पाहिजेत. त्याहून लांब असलेल्या ठिकाणी पहिले पंधरा दिवस माणूस हौसेने चालतो, मग रिक्षाला हात करायला लागतो.

मग नकाशा उघडा आणि घर शोधायच्या आधी आडवे येणारे रस्ते शोधा. ठाण्यात तीन मोठे अडसर आहेत: रेल्वेचे रूळ, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि घोडबंदर रोड. नवी मुंबईत सायन-पनवेल हायवे, ठाणे-बेलापूर रोड आणि पाम बीच रोड. तुमचं घर आणि कागदावरची जागा यांच्या मधून यातलं काही जात असेल तर तिथे लाल फुली मारा आणि पुढचं वाचायच्या आधी ठरवा, रस्ता कुठून ओलांडणार? नकाशातलं सरळ रेघेचं अंतर बघू नका, चालण्याचा मार्ग लावून बघा. तोही कधी कधी जिथे कठडा आहे तिथून खुशाल पार करून दाखवतो, त्यामुळे शेवटी पाय हाच पुरावा.

ठाण्याचे जुने लोक पत्ता सांगताना "हायवेच्या अलीकडे की पलीकडे" असं विचारतात, ते उगाच नाही. नौपाडा, चरई, उथळसर, पाचपाखाडी स्टेशनच्या बाजूला, अलीकडे. लुईसवाडी, वागळे इस्टेट, वर्तकनगर, वसंत विहार पलीकडे. पलीकडचे भाग वाईट आहेत असं मी म्हणत नाही. वसंत विहारात राहणारी माझी मैत्रीण रोजचं सगळं तिथल्या तिथे आणते आणि संध्याकाळी उपवनला फिरायला जाते. पण तिला लोकल पकडायची असली की बस किंवा रिक्षा आलीच, आणि तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी ही हायवेवरच्या चौकांची नावं तिच्या तोंडी प्रार्थनेसारखी असतात. अलीकडचं ठाणं चालायला बरं पडतं त्याला कारण आहे. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली. पुढे स्टेशन, जांभळी नाका, कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळी या सगळ्याभोवती गाव वाढलं ते मोटारी यायच्या आधी. गल्ल्या अरुंद, दुकानं तळमजल्यावर, वर माणसं. घोडबंदर रोड आधी ट्रकांचा आणि मग आपला. तिथे इमारती रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात, पण रस्ता त्यांच्यासाठी थांबत नाही.

नवी मुंबई बघत असाल तर गणित वेगळं. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० सालची, तिने सेक्टर आखून केलेलं हे शहर. रोजची दुकानं, शाळा, बाग सेक्टरच्या आतच मिळावी असा हिशोब. त्यामुळे सेक्टरच्या आत चालणं ठाण्यापेक्षा सुखाचं, झाडंही जास्त. गोम सेक्टरच्या कडेला आहे. वाशीचं स्टेशन हायवेच्या एका बाजूला आणि सेक्टर १७ दुसऱ्या. खारघरचंही तेच, स्टेशन एकीकडे, बहुतेक वस्ती हायवेपलीकडे. एजंट म्हणेल स्टेशन जवळ. असेल. रस्ता कुठून ओलांडायचा? भुयारी मार्ग असेल तर तो रात्री साडेदहाला बघा, दिवा लागतो का, पावसाळ्यात पाणी साचतं का ते तिथल्या टपरीवाल्याला विचारा. खारघरच्या आतल्या सेक्टरांना नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो झाली आहे, तिचं स्थानक पायी अंतरावर असेल तर ते मात्र कागदावर जरूर लिहा. ठाण्यातल्या होऊ घातलेल्या मेट्रोच्या भरवशावर कुणी भाडं वाढवून सांगत असेल तर त्याला सांगा, आज भाडं आजच्या रस्त्याचं.

प्रत्यक्ष बघायला जाल त्या दिवशी चपला घाला. स्पोर्ट्स शूज नकोत. दूध आणायला तुम्ही शूज घालून जाणार नाही. घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला सोबत न्या. आम्ही आईला "तू कशाला दगदग करतेस" म्हणून सांगलीतच ठेवलं होतं. ती आली असती तर एजंट बाल्कनीत हात करत असतानाच तिने विचारलं असतं.

चालणं फाटकापासून मोजू नका, लिफ्टमधून उतरलात तिथून मोजा. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये आपली बिल्डिंग सगळ्यात मागे असते आणि मेन गेटपर्यंतच पाच मिनिटं जातात. मागचं गेट आहे असं सांगतील. ते उघडं आहे का बघा. आमच्याकडे होतं, बाजाराला जवळचं, आणि त्याला साखळी घालून कुलूप. सोसायटीचा ठराव, म्हणे.

फूटपाथ बघा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या वस्तीत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि फूटपाथची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. टेप न्यायची गरज नाही. दोन माणसं पिशव्या घेऊन शेजारून जातात का, आणि आई हाताला न धरता वर चढते का, एवढं बघा. बाइक लावलेला फूटपाथ हा फूटपाथ नव्हे, आणि या बाबतीत नौपाडाही काही साव नाही. राम मारुती रोडला संध्याकाळी मी रस्त्यावरूनच चालते. फरक एवढाच की तिथे गाड्याही माणसांच्याच वेगाने सरकत असतात.

आणि सिग्नल. हिरवा माणूस किती सेकंद दिसतो ते मोजा, मोबाइलवर. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. पंचवीस मीटर रुंद रस्त्याला त्याला एकवीस सेकंद लागतील. माझ्या आईला पस्तीस लागतात, मी मोजले आहेत. सिग्नल पंचवीस सेकंदांचा असेल तर दहा सेकंद ती ट्रकांसमोर आहे. मध्ये थांबायला जागा आहे का? दुभाजकाला फट आहे का, की कठडा? पादचारी पूल असेल तर त्याला जिने किती आणि लिफ्ट चालू आहे का? तुम्ही चढाल हो पूल. गुडघे दुखणारं माणूस दोन वेळा चढेल, तिसऱ्या वेळी कठड्याच्या फटीतून जाईल. म्हणून स्वतः ओलांडून बघा. एजंटला सांगा, मार्केट समोर आहे ना, चला, दोन लिंबं घेऊन येऊ. तो घड्याळ बघायला लागला की समजा.

वेळ तुम्ही ठरवा. एजंट रविवारी दुपारी बोलावतो, तेव्हा सगळा रस्ता झोपलेला असतो. एकदा संध्याकाळी सातला जा, एकदा सकाळी आठला. जुलैमध्ये घर बघायला मिळालं तर नशीब समजा. ठाण्यात वंदना टॉकीजच्या आसपास पाणी तुंबतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण सांगलीहून, नगरहून येणाऱ्याला कोण सांगणार? आणि पोखरण रोडकडे चढ आहेत, रिकाम्या हाताने कळत नाहीत, पाच किलो गव्हाचं पीठ घेऊन कळतात.

विचारायचं कुणाला? एजंटला आणि घरमालकाला नाही. खालच्या इस्त्रीवाल्याला, वॉचमनला आणि शाळेची बस सुटल्यावर गेटपाशी गप्पा मारत उभ्या असलेल्या बायकांना. "भाजी कुठून आणता?" इतकं साधं विचारा. "ऑनलाइन मागवतो" असं तिघींनी सांगितलं तर त्या इमारतीतून पायी कुठे जाता येत नाही. आमच्या वेळी मी हा प्रश्न राहायला गेल्यावर विचारला. चौघींनी तेच उत्तर दिलं.

तरीही कुणीतरी म्हणणार, रस्ता तर काय, सवय होते. नाही होत. अकरा महिन्यांत आई पायी गेटबाहेर पडली ती फक्त दवाखान्यात जायला, तेही रिक्षापर्यंत. रोज रस्त्यावर उतरून चार माणसांशी बोलणारी बाई टीव्ही लावून बसायला लागली. म्हणून परत विचारते, पुन्हा विचारेन, रस्ता कुठून ओलांडणार?

पुढचं भराभर. चालण्यासारख्या जुन्या वस्तीत घर जुनं मिळेल, लहान मिळेल, लिफ्ट बहुधा नसेल, गाडी लावायला जागा तर नसेलच. नौपाड्यात आणि चरईत सोसायट्या पुनर्विकासाला जातायत, तेव्हा ठराव कुठवर आलाय ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा बोचकी बांधायची. पाणी किती वेळ येतं ते विचारा. तलावपाळीजवळ घेतलंत तर दिवाळी पहाटेला आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला झोप विसरा, तक्रार करायची नाही. लॉक-इनचं कलम, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही ते, वाचा; आमचा पाय त्यातच अडकला होता. पोलीस व्हेरिफिकेशन, गॅस, नेट, ते सगळे करतात, तुम्हीही कराल. सामान पहिल्या पावसाच्या आधी हलवा. आल्यावर पहिल्या आठवड्यात काही ऑनलाइन मागवू नका, चालत जा, दुकानदार ओळखायला लागतात.

आम्ही आता नौपाड्यात गोखले रोडच्या मागे दुसऱ्या मजल्यावर आहोत. लिफ्ट नाही, बाल्कनीतून समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं. हा मजकूर इथेच थांबवते, कारण कुकर लावायचाय. आई मघाशी लिंबं आणायला म्हणून खाली गेली आहे, अजून आलेली नाही. कुणीतरी भेटलं असणार.