तोंडाचा कर्करोग आणि रुग्णाचे पोषण : या चुका टाळा

भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, आणि तंबाखू, गुटखा व सुपारी ही त्याची प्रमुख कारणे आहेत. निदान झाल्यावर घरातील सर्वांचे लक्ष गाठीचा आकार, स्टेज आणि ऑपरेशनची तारीख यांवर खिळते. रुग्णाचे पोषण मात्र 'नंतर बघू' म्हणून मागे पडते, वास्तविक उपचारांपूर्वी घटलेले वजन आणि झडलेले स्नायू यांचा रुग्णाच्या जगण्याच्या शक्यतेशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

पहिली चूक म्हणजे अंगकाठीवरून अंदाज बांधणे. मूळचा स्थूल माणूस दहा किलो उतरला तरी तो धडधाकटच दिसतो, पण त्या दहा किलोंत स्नायूंचा वाटा मोठा असू शकतो. म्हणून वजन आज किती आहे, एवढ्यावर न थांबता सहा महिन्यांपूर्वी ते किती होते हे डॉक्टरांना सांगावे. साठ किलोचा माणूस या काळात चोपन्नवर आला, तर घट १० टक्के झाली, आणि ती गंभीर मानली जाते. ५ टक्क्यांहून अधिक घट झाली असेल, तरी आहारतज्ज्ञाचा सल्ला लगेच घ्यावा.

दुसरी चूक रक्ताच्या अहवालाबाबत होते. अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमपेक्षा कमी आले की 'प्रोटीन पावडर सुरू करा' असा निष्कर्ष काढला जातो. परंतु शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असला तरीही अल्ब्युमिन घसरते, त्यामुळे या आकड्याचा अर्थ वजन, आहार आणि स्नायूंची ताकद यांच्यासोबतच लावावा लागतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे गिळता येईनासे होईपर्यंत वाट पाहणे. रेडिएशन साधारण सहा ते सात आठवडे चालते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटून निघते. त्या वेळी घास घेणे हीच शिक्षा ठरते. वजन उतरत गेले की अशक्तपणामुळे उपचारात खंड पडण्याचा धोका वाढतो, आणि रेडिएशन लांबल्यास रोगावरील नियंत्रण कमी होते. या काळात घरोघरी पातळ पेज आणि वरणाचे पाणी दिले जाते. त्यामागे माया असते हे खरे, पण पोट भरूनही प्रथिने फारशी मिळत नाहीत. कर्करोगाच्या रुग्णाला दररोज प्रतिकिलो २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने. दूध, दही, नीट शिजवलेले अंडे, मिक्सरमध्ये फिरवलेली घट्ट डाळखिचडी, तूप आणि शेंगदाण्याचे बारीक कूट यांनी ही गरज बरीच भागते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

अन्न देण्यासाठी नाकातून नळी घालायची म्हटली की 'आता शेवटच आला' असे नातेवाइकांना वाटते, आणि ती टाळली जाते. खरे तर नळी ही उपचार पूर्ण करण्याची सोय आहे. चार आठवड्यांहून अधिक काळ तिची गरज भासणार असेल, तर पोटावर छोटे छिद्र करून थेट जठरात बसवायच्या नळीबद्दल विचारावे. नळीतून अन्न देताना रुग्णाला बसते किंवा उशाकडून उंच ठेवावे, अन्न गाळून घ्यावे आणि नंतर नळी पाण्याने धुवावी. नळी आहे म्हणून गिळण्याचे व्यायाम मात्र बंद करू नयेत, तसे केल्यास पुढे गिळणे अधिक अवघड होते.

साखरेने गाठ वाढते या समजुतीने रुग्णाला उपाशी किंवा केवळ रसांवर ठेवणेही घातक आहे. याउलट, बरेच दिवस जवळजवळ न खाल्लेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिल्यास फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम अचानक खालावून हृदयाला धोका पोहोचू शकतो. अशा वेळी सुरुवात थोड्या प्रमाणाने, रुग्णालयाच्या देखरेखीखाली आणि रक्ततपासणी करतच व्हावी.