दुधाची डिग्री नीट कशी बघायची

संगमनेर तालुक्यातल्या एका गावात संकलन केंद्रावर मी सतरा वर्षं दूध तपासलं. पहिल्याच उन्हाळ्यात एका मावशींच्या गाईच्या दुधाची डिग्री, म्हणजे दुधात तरंगणाऱ्या काचेच्या लॅक्टोमीटरवर दिसणारा दाटपणाचा आकडा, रोज 26 लागायची. मी वहीत 26 लिहायचो आणि त्यांचा दर कापला जायचा. पाण्याचा थेंब घातला नाही, असं त्या कळवळून सांगायच्या. त्यांचं खरं होतं. घर केंद्राला लागूनच, त्यामुळे धार काढलेलं दूध कोमटच यायचं, 36 अंश सेल्सिअसवर. माझा लॅक्टोमीटर होता 27 अंशांवर बेतलेला.

गरम दुधात वाचन खाली येतं, म्हणून आधी थर्मामीटर, मग लॅक्टोमीटर. लॅक्टोमीटर किती तापमानाचा आहे ते त्याच्या नळीतल्या कागदावर छापलेलं असतं, काही 15.5 चे असतात, काही 27 चे. दूध त्यापेक्षा गरम असेल तर दर अंशाला 0.2 मिळवायचं, थंड असेल तर वजा करायचं. लॅक्टोमीटर 27 चा, दूध 32 अंशांवर, वाचन 27, तर पाच अंशांचा 1 मिळवून डिग्री 28. म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.028, दूध पाण्याच्या 1.028 पट जड. मावशींच्या 26 मध्ये 1.8 मिळवले असते तर जवळजवळ 28 च आले असते, आणि गाईच्या चांगल्या दुधाची डिग्री साधारण 28 ते 30 असते. म्हशीची 30 ते 32. तापमानाचा फरक मावशींच्या दुधाइतका मोठा असेल तर नुसत्या गणितावर विसंबू नका, दूध निवू द्या. ताज्या धारेत हवाही अडकलेली असते, ती वाचन खाली ओढते. तासभर थांबलेलं बरं.

दूध एका भांड्यातून दुसऱ्यात तीन-चार वेळा ओता, म्हणजे वर आलेली साय मिसळेल. जोरात हलवू नका, फेस होतो. उभट जार सपाट जागी ठेवून काठोकाठ भरा, फेस बाहेर सांडू द्या. लॅक्टोमीटर दोन बोटांत धरून हळूच सोडा आणि जरासा फिरवा. तो जारच्या भिंतीला टेकला तर वाचन धरू नका. अर्धा मिनिट थांबा, खाली वाका, डोळा दुधाच्या पातळीत आणा. पाणी पारदर्शक, तिथे नळीभोवतीच्या वक्राचा तळ वाचतात. दुधात तो दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचायची.

एका डिग्रीचं एवढं काय, असं नवीन पोरं विचारतात. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, त्यावर दर ठरतो. त्याच्या सूत्रात डिग्रीचा चौथा हिस्सा धरतात. एक डिग्री चुकली की एसएनएफ 0.25 ने चुकला, 8.5 चा 8.25 झाला, आणि दूध घालणाऱ्याच्या दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात ते पैसे गेले.

पण डिग्री बरोबर आली म्हणजे दूध शुद्ध, असं नाही. पाण्याने डिग्री उतरते, साय काढली की चढते. दोन्ही केलं तर ती जागेवरच राहू शकते. मीठ, साखर, युरियानेही चढते. फॅट बघितल्याशिवाय कुणाला चोरही म्हणू नका आणि सावही.

     

महिन्यातून एकदा लॅक्टोमीटर ज्या तापमानाचा, त्याच तापमानाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडून बघा, शून्य दाखवायला हवं. आतला कागद सरकला असेल तर तो लॅक्टोमीटर बाजूला काढा. आणि वहीत तीन रकाने ठेवा: वाचन, तापमान, दुरुस्त डिग्री. दूध घालणाऱ्याने विचारलं की वही त्याच्याकडे फिरवायची.