नवी गाडी घाटात दम सोडते तेव्हा

धुळ्याकडून माल भरून इंदूरला येताना बिजासनचा घाट लागला की इंजिन बसतं, आणि देवास नाक्याच्या वर्कशॉपमध्ये रिकामी गाडी फिरवून सांगतात, ‘काही नाही, शेठ.’ रिकाम्या गाडीत दिसणार तरी काय? भरलेलीच न्या, मेकॅनिकला शेजारी बसवा.

त्याआधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी, टर्बोच्या होजच्या क्लिपा बघून घ्या. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत वरून आणखी एक भानगड: सायलेन्सरमधली काजळी धरणारी जाळी. लोहामंडीत रांगेत रेंगाळणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही, जाळी तुंबते. डॅशबोर्डावर तिचा दिवा लागला की रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, पूर्ण होऊ द्या. आमचा ड्रायव्हर नेमका तेव्हाच चहासाठी चावी फिरवून गाडी बंद करतो! धूर साफ करण्यासाठी गाडीत घालायचं यूरियाचं पाणी बंद डब्यातलंच, 32.5 टक्क्यांचं, खताचा यूरिया घरी घोळू नका.

दिव्याचा फोटो काढा, त्यात किलोमीटर दिसू द्या. मेकॅनिकने बिघाडाचे कोड पुसण्याआधी त्यांची प्रिंट मागा. जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ लिहिलं तर सही करू नका; ‘भार असताना चढावर पिकअप जातो’ असंच लिहून घ्या. दोष परत आला की जुन्या जॉबकार्डांसकट कंपनीला ईमेल. सेन्सर बायपास करून देणारे भिया भेटतील, वॉरंटी नको असेल तर खुशाल जा.

तरीही ढिम्म? ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. धंद्याची गाडी, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, असं म्हणून समोरचे अडवतात. गाडी स्वतःच्या पोटापाण्यासाठीच घेतली असेल, तर ते तक्रारीत आधीच मांडा.