फोटोशॉपला पर्याय निवडताना आधी आपलीच जुनी फाइल उघडा

फोटोशॉपचं भाडं दर महिन्याला नको वाटतं, पण ‘सर्वोत्तम पर्याय’ छापाच्या याद्या वाचून डोकं आणखी गरगरतं. मी याद्या सोडल्या आणि लग्नपत्रिकेची एक जुनी पीएसडी (फोटोशॉपची मूळ) फाइल घेतली. अर्ध्या तासात निकाल लागला.

१. लेयर (एकावर एक रचलेले थर), सावली आणि मराठी मजकूर असलेली आपली एखादी फाइल निवडा. तिची प्रत काढा.

२. ती आधी फोटोपीमध्ये उघडा. ते ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि फाइल आपल्याच संगणकावर राहते. ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपसाठी हे उत्तम.

३. मग गिंप, हे चित्र-संपादनाचं सॉफ्टवेअर. पूर्ण मोफत. मात्र पीएसडीतला मजकूर इथे बहुधा चित्र होऊन येतो, म्हणजे ‘चि. सौ. कां.’ पुन्हा टाइप करणं आलं.

४. नव्या मजकुराच्या लेयरमध्ये ‘श्री, ज्ञानेश्वर, कृष्ण, दुर्गा’ एवढं टाइप करा. जोडाक्षर फुटलं किंवा रफार भलत्याच अक्षरावर बसला, तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही. बाकी कितीही गुणी असो.

कॅमेऱ्याच्या रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न झालेले कच्चे फोटो, सुधारायच्या असतील तर या दोघांच्या वाटेला जाऊ नका, थेट डार्कटेबल हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर घ्या. तेही मोफत आहे, फक्त पहिले दोन दिवस चिडचिड होते.

एक सांभाळा: छपाईचं काम असेल तर प्रेसवाल्याला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली) फाइल लागते का, हे आधी विचारा. स्क्रीनवरचा झळझळीत केशरी कागदावर विटकरी उतरतो.