घरच्या घरी टायर बदलताय? या चुका टाळा

हिवाळी टायर पहिल्यांदा स्वतः चढवले तेव्हा काम तासाभरात उरकलं म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी 80 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग बिघडलं असणार, असं मी धरूनच चाललो. चाक पुन्हा उतरवलं, तर हबवर, म्हणजे चाक ज्या चकतीवर बसतं तिच्यावर, नखाएवढा गंजाचा पापुद्रा चिकटलेला. त्याच्यावर चाक किंचित तिरकं बसलं होतं, एवढंच.

तेव्हापासून चाक चढवण्याआधी तारेचा ब्रश हातात घेतो. हबचा सपाट भाग आणि रिमची आतली बाजू, दोन्ही घासून काढायच्या. मात्र या सफाईच्या भरात आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. गाडीच्या पुस्तिकेत नट आवळण्याचा जो आकडा असतो तो सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा. आधी जॅक लावला तर चाक पान्याबरोबर फिरत राहतं आणि वर गाडी हलते. जागा सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि उचलायच्या चाकाच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला ठोकळा हवा, कारण हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना धरतो. जॅक कुठे लावायचा हे पुस्तिकेत दाखवलेलं असतं. जागा चुकली तर पत्रा चेपतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. खाली स्टँड लावा.

चाक हबला चिकटलं असेल तर नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर ठेवा आणि टायरला रबरी हातोड्याने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोका. चाक सुटलं तरी अंगावर येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आवळताना. पान्यावर उभं राहून नट घट्ट करणारे पुष्कळ दिसतात. हिशेब करून बघा: 70 किलोचा माणूस 40 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे 275 न्यूटन मीटर जोर पडतो. बहुतेक मोटारींना 80 ते 140 पुरतो. आटे जातात, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्यात तोच नट सुटत नाही. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कळवणारा पाना, घ्याच, बाकीच्या हत्यारांत काटकसर करा. नट हाताने लावायला सुरुवात करायची, मग एक सोडून एक, समोरासमोर आवळायचे. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर. साधारण 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टीलच्या रिमवरून अलॉयवर जात असाल तर नटाची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, त्या रिमला जुळते का तेही बघा. शंकूची जागा गोल बैठकीने भागत नाही.

टायरांच्या जागा आपसात बदलताना लोक सरसकट सगळेच फुलीसारखे तिरपे फिरवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे बाजू बदलून पुढे येतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. पुढचे-मागचे आकार वेगळे असतील तर तेही नाही. उतरवलेला टायर जरा न्याहाळा. मध्येच झिजलाय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झिजलाय म्हणजे हवा कमी, एकाच कडेला म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलंय. हे न सुधारता जागा बदलली तर दुसरा टायरही तसाच झिजतो.

हिवाळी टायर दोनच लावणं ही खोटी बचत आहे. पुढे पकड, मागे नाही, म्हणजे वळणावर गाडी मागून फिरते. पारा 7 अंशांच्या खाली जायला लागला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, त्यामुळे बर्फाची वाट पाहू नका. थंडीत हवाही उतरते, 10 अंश सेल्सिअसमागे साधारण दीड ते दोन पीएसआय.

उतरवलेल्या टायरवर खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही. रिमसकट असतील तर एकावर एक रचा, नुसते असतील तर उभे. उन्हापासून आणि विजेच्या मोटरपासून लांब ठेवा. मोटरच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.